न फाडलेल्या चिठ्ठ्या

७ जानेवारी

डिसेंबरचा पगार आज व्हायचा. झाला नाही. नोव्हेंबरचाही झालेला नाही.

दहाला लॅबचे मालक सामंत सर पेढे घेऊन आले. भाच्याला मुलगी झाली. अकरा माणसांना अकरा पेढे, एक देवापुढे. पगाराचं कोणी विचारलं नाही. पेढा तोंडात असताना विचारता येत नाही.

दु. वसुलीचे फोन. साठेक दवाखाने आमच्या लॅबकडून दातांच्या कॅप आणि कवळ्या करून घेतात. त्यातले वीस तरी थकलेले. 'पाठवतो मॅडम, सोमवारी.' मी यादीत 'सोमवार' लिहिते. कुठला ते लिहीत नाही.

९ जानेवारी

घराचा हप्ता पाचला परत गेला होता. आज दंडाचा मेसेज. ५९०. भाषा सभ्य.

आई : 'विचार ना त्या माणसाला तोंडावर.'

विचारलं. सर म्हणाले, 'शैलाताई, वसुली तुम्हीच करता. तुमच्यापासून काय लपलंय?' हे खरं आहे. मग म्हणाले, 'तोवर उचल घ्या ना. संकोच कसला?'

घेतली. पाच हजार. चिठ्ठी मीच लिहिली, सही मीच केली. 'कारण' या रकान्यात : घराचा हप्ता.

१० जानेवारी

आज पाच उचली. गुलाबी चिठ्ठी. नाव, रक्कम, कारण, सही. पगार बँकेत जमा होतो तेव्हा तेवढे वजा होऊन येतात. म्हणजे आपलाच पगार आधी तुकड्यातुकड्याने, कारण सांगून. चार वर्षं हे चाललंय. सुरुवात झाली तेव्हा सगळ्यांना सर देवमाणूस वाटले होते. मलाही.

तांबे आले. एकवीस वर्षं इथे. सिरॅमिकचा दात असा रंगवतात की शेजारच्या खऱ्या दातालाही शंका येऊ नये.

'कारण काय लिहू?'
'लिही काय ता. चष्मो लिही.'
'चष्मा गेल्या वेळी होता.'
'मग बायलेचो चष्मो.'

लिहिलं : पत्नीच्या डोळ्यांची तपासणी व चष्मा.

गौतम साळवे, प्लास्टरच्या खोलीतला, अजून तिशी गाठायची आहे. दोन हजार. 'कारण पगार लिहा, ताई.' तसं लिहिता येत नाही म्हटलं. 'का? तेच तर आहे.' मी 'घरगुती अडचण' लिहिलं. त्याने वाचलं आणि सही केली.

१९ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत गौतमने मोबाइलवरून वाचून दाखवलं. महिना संपल्यापासून सात दिवसांच्या आत पगार झाला पाहिजे. आधीच्या कायद्यात तसंच होतं, आताच्यातही तसंच आहे. 'सात म्हणजे सात. भाच्याला जुळी झाली तरी सात.'

सगळे हसले. दार बंद आहे ना, ते कोणीतरी बघून आलं.

तांबे : 'माका कायदो शिकवू नको रे. गिरणी बंद पडली तेवा माझ्या बापाशीक सगळो कायदो पाठ होतो.'
'मग पगार मिळाला?'
'कायदो पाठ झालो.'

३१ जानेवारी

वसुली या महिन्यात बरी. दोन लाख दहा. त्यातून दात बनवायची पावडर, विजेचं बिल, गाळ्याचं भाडं. उरलं ते सरांच्या गाडीच्या हप्त्याला गेलं. हे मला माहीत आहे कारण चेक मी लिहिला. कोणाला सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी

तीन महिने झाले.

गौतमचं म्हणणं, सोमवारपासून डिलिव्हरी बंद ठेवायची. तयार कॅप कपाटात. डॉक्टर आपोआप सरांच्या मागे लागतील.

तांबे : 'आणि पेशंट? तो पुढचे दोन दात नाय म्हणान तोंडार हात धरून बसलोहा. त्याचो काय दोष?'
'काका, आपला काय दोष?'
तांब्यांनी हातातला दात भट्टीत ठेवला आणि वेळ लावली.

डिलिव्हरी चालू राहिली. मग अर्ज करायचं ठरलं. कामगार खात्याकडे. लिहायचं माझ्याकडे आलं, न विचारता. एम.ए. मराठीचा इथे एवढा एकच उपयोग झालाय, चांगलं लिहून देणं.

८ फेब्रुवारी, रविवार

गौतम घाटकोपरहून नाहूरला आमच्या घरी आला. त्याचा कच्चा मजकूर घेऊन. दोन पानं. 'अमानुष', 'पिळवणूक', 'रक्त आटवून'. मी तारखा, नावं, रकमा ठेवल्या, बाकी काढलं. एक पान झालं.

'ताई, तुम्ही सगळा राग काढून टाकला.'
'अर्जात राग लागत नाही.'
'मग कुठं लागतो?'

आईने त्याला चार घावनं वाढली. त्याने पाचवं मागून घेतलं. तो गेल्यावर आई म्हणाली, 'हा मुलगा विचारतो. तुम्ही बाकीचे काय करता?'

१० फेब्रुवारी

अकरापैकी नऊ सह्या. पहिली गौतमची. तांब्यांची आठवी. पेन हातात घेऊन बराच वेळ उभे होते. 'एकवीस वर्सां' एवढंच बोलले. मग सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

माझी शेवटची. खाली जागा उरली नव्हती. समासात केली.

१२ फेब्रुवारी

अर्ज दिला. आवक शिक्का मिळाला. खिडकीवरच्या माणसाने न वाचता विचारलं, 'किती महिने?' तीन म्हटलं. मान हलवली. कमी की जास्त, त्यावरून कळलं नाही.

२६ फेब्रुवारी

सरांना नोटीस पोचली. १० मार्चला बोलावलंय.

ओरडले नाहीत. सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. 'मी तुम्हाला घरातली माणसं समजत होतो. घरातलं भांडण तुम्ही बाहेर नेलंत.' मग त्यांचा आवाज बसला. खरोखर बसला. ते नाटक नव्हतं. अवघड झालं त्यामुळे.

निघताना मला : 'शैलाताई, कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे राहू देत जरा.'

दिल्या. वसुलीची यादी, डिलिव्हरीचं बुक, उचलीची फाइल, सगळं त्यात.

२७ फेब्रुवारी

माझं टेबल आत हलवलंय. प्लास्टरच्या खोलीत, गौतमच्या शेजारी. काम : साच्यांवर नंबर घालणं. डॉक्टरांकडून जबड्यांची मापं येतात, गौतम त्यात प्लास्टर ओततो, मी तळाला पेन्सिलीने नंबर आणि दाताचा रंग लिहिते. अनोळखी माणसांचे जबडे, ओळीने. केसांत पांढरी धूळ.

गौतम : 'ताई, प्रमोशन झालं तुमचं.'

१० मार्च, मंगळवार

तारीख झाली. जे झालं ते क्रमाने.

अधिकारी बाई पन्नाशीच्या. आवाज बारीक, प्रश्न छोटे. आमच्याकडून गौतम, तांबे, मी. समोर सामंत सर आणि त्यांचे सीए.

बाईंनी अर्ज वाचला. 'तीन महिने पगार नाही, बरोबर?' सीए म्हणाले, 'मॅडम, पगाराचं बघायला गेलं तर आमचंच येणं निघतं.' त्यांनी पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली.

फाइल माझी होती. पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. गाठ माझी.

'चार वर्षांतल्या उचली. दोनशे बारा चिठ्ठ्या. प्रत्येकीवर सही आहे, कारण आहे. सहा लाख अठ्ठ्याहत्तर हजार. यातलं काही परत आलेलं नाही. यांचे तीन महिन्यांचे पगार त्यात फिटून जातात.'

बाईंनी वरच्या काही चिठ्ठ्या चाळल्या. एक मोठ्याने वाचली. 'आईच्या गुडघ्याचे इंजेक्शन.' मग विचारलं, 'अक्षर कोणाचं?'

'माझं.'

'हे पैसे परत आले नाहीत?'

मी म्हटलं, प्रत्येक वेळी पुढच्या पगारातून वजा झाले. बाई म्हणाल्या, 'मग चिठ्ठ्या इथे कशा?'

पद्धत अशी होती की पगारातून रक्कम वळती झाली की चिठ्ठी फाडायची. फाडायचं काम माझं.

मी बाईंना एवढंच म्हटलं, 'फाडायच्या राहून गेल्या.' बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'दोनशे?'

सर खाली बघत होते. मला वाटतं, त्यांनाही लाज वाटत होती. पण फाइल त्यांनी मागे घेतली नाही.

पुढची तारीख २४. बँकेच्या नोंदी दाखवा म्हणाल्या. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स आम्हाला द्यायला लावल्या.

११ मार्च

डब्याच्या वेळी गौतमच बोलला.

'फाडायच्या होत्या ना?'
'हो.'
'आम्हाला वाटायचं फाडता तुम्ही. तुम्ही म्हणायचात, झाली वळती.'
'वळती झालेलीच असायची.'
'आणि चिठ्ठी?'
'फाइलला.'

त्याने डबा बंद केला. 'नीटनेटकेपणाने वाट लावली ताई तुम्ही आमची.'



१५ मार्च, रविवार

नऊ जणांची पासबुकं. जमिनीवर पसरली. झेरॉक्समध्ये गुलाबी रंग राखाडी होतो.

तांबे, पहिल्या वर्षीचा जून : पगार ३२,०००. जमा २६,८००. चिठ्ठ्या दोन आणि तीन हजारांच्या, वर व्यवसाय कराचे दोनशे. जुळलं.

तांबे, ऑगस्ट. जुळलं.

मी, ऑक्टोबर. २४ ऐवजी १९. चिठ्ठी पाचाची. कारण : फ्लॅटच्या सोसायटीची थकबाकी. जुळलं.

संध्याकाळपर्यंत एकशे चार. पगार कुठल्या तारखेला जमा झाला तेही पासबुकात आहे. बावीस. एकोणतीस. पुढच्या महिन्याची अकरा. चार वर्षांत सात तारीख एकदाच आलीय, एका दिवाळीत.

आई : 'तुझ्या सरांना हे माहीत नाही?' माहीत आहे. 'मग?' मग काही नाही.

१६ मार्च

का फाडल्या नाहीत.

पहिलं उत्तर : सवय. कागद फाडवत नाही.

ते पूर्ण नाही. कारणं मी लिहायचे. लोक 'लिही काय ता' म्हणायचे आणि मी शब्द निवडायचे. 'सासऱ्यांचे वर्षश्राद्ध.' 'गॅस सिलिंडर व किरकोळ.' 'गावी वीज जोडणी.' कमी शब्दांत एक घर दिसायचं. मधूनमधून फाइल काढून वाचायचे. चांगलं लिहिलंय असं वाटायचं.

माणसं पगार मागत होती. मी त्याच्या गोष्टी करून ठेवल्या.

हे बाईंना सांगायची गरज नाही. इथे असू दे.

१९ मार्च

पाडवा. लॅब बंद. सरांनी सगळ्यांच्या घरी श्रीखंडाचे डबे पाठवले, सह्या करणाऱ्यांच्याही. गौतमने परत पाठवला. आम्ही ठेवून घेतला. आईने एक वाटी खाल्ली आणि म्हणाली, बरं आहे, वेलची जास्त.

जुळवणी संपली. एकूण २१२. पगारातून वळत्या झालेल्या १७१, नोंदींसकट. चालू तीन महिन्यांतल्या २६, त्या आम्हाला मान्य. १४ जुळत नाहीत, सोडून गेलेल्या माणसांच्या, त्यांची पासबुकं कुठून आणणार.

राहिली एक. तांबे. ४०,०००. कारण : मुलीचे लग्न, कणकवली. तीन वर्षांपूर्वीचा मे.

पासबुक तीनदा पाहिलं. ती कधीच कापली गेलेली नाही. ती खरी उचल आहे.

२० मार्च

तांबे चहाच्या वेळी प्लास्टरच्या खोलीत आले. गौतम बाहेर गेला होता. बाहेर जाईपर्यंत थांबले असावेत.

'गो शैला, ती चाळीसाची.'
'हो.'
'ती पण फिटली म्हणान लिही.'
'फिटली नाही, तांबेकाका.'
'बाकीच्यो तू फाडूक नाय, तरी फिटल्यो म्हणान लिहितंस. ही एक आणि लिही.'
'त्यांना नोंद आहे.'
'एकशे सत्तर नोंदी कोण बघीत बसतलो? तू लिहिलंस की झाला.'

यात तथ्य होतं. बाई सगळ्या नोंदी तपासणार नाहीत. दहा पाहतील, दहा जुळतील, बाकी मानतील.

तांब्यांचं येणं शहाण्णव हजार. चालू उचल नऊ. सत्त्याऐंशी राहतात. चाळीस गेले की सत्तेचाळीस.

'चेडवाक बाळ होतला आता, मे मधी. पयलाच बाळंतपण. आमच्याकडे येतली.'

ते साचे बघत राहिले. एक उचलून म्हणाले, 'ह्या माणसाचो जबडो बघ. आयुष्यभर दात खात रवलोहा.' ठेवला आणि गेले.

२२ मार्च, रविवार

यादी पक्की केली. चार कॉलम. पहिल्याच पानावर, वर : खालीलपैकी एक रक्कम वळती झालेली नाही. त्याखाली तांब्यांची.

बाकीच्या एकशे एकाहत्तर खऱ्या आहेत, हे दाखवायला ही लागेल असं कारण मनाशी दिलं. पण यादी लिहिताना ते कारण नव्हतं. चूक लिहायचं नाही, एवढंच होतं. तेही आता सुचतंय. दोनशे बारा वेळा सुचलं नाही.

२३ मार्च

तांब्यांना यादी आधी दाखवली. वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली. 'बराबर आसा' म्हणाले. परत दिली.

दिवसभर आतल्या खोलीत आले नाहीत.

२४ मार्च

बाईंनी नोंदी पाहिल्या. दहा नाही, बत्तीस. बोट ठेवून, एकेक. सगळ्या जुळल्या. सीएंनी मध्ये दोनदा काही म्हणायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, 'थांबा, बेरीज चुकेल माझी.'

मग पहिल्या पानावर आल्या. 'तांबे कोण?' तांबे उभे राहिले. बसा म्हटलं तरी उभे.

'हे चाळीस हजार. मान्य?'

तांब्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. 'होय.'

तेव्हा सर बोलले. तोवर एक शब्द बोलले नव्हते. 'ते पैसे मी मागणारच नव्हतो, मॅडम. मुलीच्या लग्नाचे होते.'

'मग बेरजेत कशाला धरले?'
'सीएंनी सरसकट केली.'
'सोडताय म्हणून लिहून द्या.'
'लिहून कशाला? घरातला माणूस आहे.'
'आणि पगार?'
'तोही देणारच आहे. नाही कुठं म्हणतोय?'
'कधी?'
'वसुली झाली की.'

बाईंनी पेन खाली ठेवलं. 'वसुली तुमची. पगार त्यांचा. डॉक्टरांनी तुम्हाला दिले नाहीत म्हणून यांचा थांबवता येत नाही. सात तारीख म्हणजे सात तारीख.'

गौतमने माझ्याकडे पाहिलं. हसू दाबत होता.

पण पुढे बाई म्हणाल्या, 'एक अडचण आहे. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या तुम्ही, फाइल ठेवणाऱ्या तुम्ही, यादीही तुमची. पद्धत कशी होती हे तुमच्या एकटीच्या शब्दावर नको. पहिल्यापासून सही करणाऱ्या कोणीतरी जबाब द्यायचा. पुढच्या तारखेला.' मी सोडले तर पहिल्यापासून असलेले सह्यांमध्ये एकच. तांबे. गौतमला येऊन दोन वर्षं झालीत.

१६ एप्रिल दिली.

जिन्यात तांबे थांबले. 'आयकलंस? मागणार नव्हतो म्हणता.'
गौतम : 'काका, तुमचे सत्त्याऐंशी हजार त्याच्याकडे आहेत.'
'तो पगार.'
'मग?'
'पगार आज ना उद्या येतलो. ह्या त्यान सोडल्यान.'

गौतम दोन पायऱ्या खाली गेला, परत वर आला. 'काका, सोडलं कुठं? लिहून द्या म्हटल्यावर दिलं का?' तांबे उतरायला लागले. कठडा धरून, सावकाश. एकवीस वर्षं खुर्चीत वाकून काम, गुडघे गेलेत.

३० मार्च

सगळ्यांच्या खात्यात नोव्हेंबरचा पगार जमा. पूर्ण. कापाकापी नाही. मला सोडून.

सर : 'तुमचाही होतो, शैलाताई. तुमच्या हिशेबाचं सीएंना जरा बघायचंय.'

१ एप्रिल

दोघांनी अर्जातून नावं काढून घेतली. पत्रं टाइप करून आणली होती, एकसारखी. मजकूर वाचला. 'गैरसमजुतीतून.' कोणी लिहून दिलं ते विचारलं नाही.

गौतम त्यांच्याशी बोलत नाही. मी बोलते. त्यातल्या एकाच्या मुलाची दहावी संपलीय, पुढे कशाला घालावं ते विचारत होता.

५ एप्रिल

हप्ता परत. ५९०. आईने पोस्टातली ठेव मोडली. मला विचारून नाही, सांगून. 'तुझ्या अर्जाचं होईल तेव्हा होईल. बँकेला अर्ज कळत नाही.'

७ एप्रिल

सात तारीख. काही नाही.

८ एप्रिल

तांबे आता भट्टीशेजारी बसून जेवतात, एकटे. मी पाणी भरायला गेले तेव्हा म्हणाले, 'रागावलंस?'
'मी कशाला रागावू?'
'मी तुझ्यावर रागावलंय, म्हणान विचारलंय.'
'चाळिसाच्या चिठ्ठीवरून?'
'नाय. ती बराबर होती.' हातातला घास परत ठेवला. 'तू त्या बाईपुढे माझो हिशेब मांडलंस. आणि सरान तो पुसलो. आता मी त्या बाईपुढे सरांचो मांडू?'

बाटली भरून वाहायला लागली.

१४ एप्रिल

सुट्टी. लॅब बंद. गौतमचा फोन, मागे बँड, घोषणा, त्याला ओरडून बोलावं लागत होतं. जयंतीच्या शुभेच्छा दिल्या-घेतल्या. मग, 'काकांना विचारलं का? येणार ना परवा?'

'विचारलं नाही.'
'विचारा ना यार ताई! तुम्ही नुसतं सगळं लिहून ठेवता.'

उद्या विचारते म्हटलं.

१५ एप्रिल

विचारलं. पहिल्या चहाआधी. तांब्यांच्या हातात चिमटा, चिमट्यात समोरचा दात. मुलुंडच्या एका डॉक्टरची केस, तरुण मुलगी, स्कूटरवरून पडलेली. रंग ए-दोन.

'उद्या साडेअकराला आहे.'
'म्हायत आसा.'
'तुम्ही नाही आलात तर एकशे एकाहत्तर चिठ्ठ्या माझ्या शब्दावर. ते पुरणार नाही. नोंदी असल्या तरी सीए म्हणतील, त्या वेळी पगारच कमी दिला असेल, उचलीशी काय संबंध. सहा जणांचे दोन-दोन महिने जातील. माझे तीन.'

इतकं सलग मी इथे कधी बोलले नव्हते.

त्यांनी दात उजेडात धरला. फिरवला. कडेला ब्रशचं टोक लावलं, इतकं हलकं की लावलं की नाही कळलं नाही. 'हो उद्या सांजेक द्यायचो आसा. चेडू तोंडाक रुमाल बांधून फिरता.'

'साडेअकरा ते एक. संध्याकाळपर्यंत परत याल.'
'सर काल घराक इले होते.'
'काय म्हणाले?'
'काय नाय. चेडवाची चौकशी केल्यान. हास्पिटल खंयचा बघितलंत, विचारल्यान.'

भट्टीची घंटी वाजली, त्यांनी दार उघडलं नाही.

टेबलावर येऊन उद्याच्या रजेचे अर्ज लिहिले. गौतमचा, माझा, तांब्यांचा. तीन वेगवेगळे कागद. प्रत्येकावर एकच वाक्य : उद्या दि. १६ रोजी कामगार कार्यालयात पगाराच्या तक्रारीच्या सुनावणीस हजर राहायचे असल्याने रजा मिळावी. गौतमने उभ्या उभ्या सही केली. मी केली.

तांब्यांचा त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. त्यांनी वाचला. पुढे सरकवला नाही, मागेही नाही. हात प्लास्टरने, पावडरीने पांढरे, म्हणाले, 'हात खराब आसत. ठेव थंय.'

दु. ४ ला पाहिलं, कागद तिथेच. सही नाही. एका कोपऱ्यावर ए-दोनचा दात ठेवलेला, कागद पंख्याने उडू नये म्हणून.

सहाला निघाले. ते अजून काम करत होते. 'येते' म्हटलं.

'ये,' म्हणाले. मग, मी दारात असताना, 'कितक्या वाजता म्हणालंस?'